एकच प्याला बघितला, सुधाकरसाठी जावाच

कोल्हापुरातल्या एका हौशी ग्रुपनं बसवलेला एकच प्याला बघितला, पैसा वसूल. गडकऱ्यांचं नाटक १९१९ ला रंगभूमीवर आलं तरी सुधाकरचं घसरणं आजबी अंगावर येतंय. माणूस वाईट न्हाई ओ, हुशार वकील, मानी, आणि तोच मान त्याला नडतो, कोर्टात मुन्सफाशी वाजतं, वकिलीची सनद निलंबित होते आणि मग दारुडा तळीराम दारूचा पेला पुढं करतोच. सुधाकर करणाऱ्या ह्या पोरानं पहिला घोट काढ्यासारखा तोंड वाकडं करून घेतला, नंतर नंतर बायको सिंधू बोलत असली तरी नजर तिच्याकडं आणि हात पेल्याकडं, लई बारीक काम केलंय राव. पुढं पोटच्या पोरावर हात उचलतो तेव्हा हॉल गपगार.

तक्रार एकच, तळीराम नुसता हशा काढत बसलाय, त्यामुळं हा माणूस दुसऱ्याचं घर बुडवतोय हे कळतच न्हाई. गाणी बरीच कापलीत, जुन्या लोकांना खटकंल. माईक दोनदा बंद पडला. मागं बसू नका, सिंधूचा आवाज पोचत न्हाई. पाचपैकी चार स्टार.