स्वस्तात टायर बदलायचे आहेत? पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघा

टायर संपलेत हे बहुतेकांना टायरवालाच सांगतो, आणि तोवर गाडी जॅकवर चढलेली असते. मग समोर येईल तो टायर घेतला जातो. हे टाळायचं असेल तर आजच गाडीजवळ वाकून बसा. नक्षीच्या मोठ्या खाचांमध्ये तळाशी रबराच्या लहान आडव्या पट्ट्या दिसतील. त्यांची उंची १.६ मिमी असते. नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिमी खोल असते. नक्षी झिजून पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला. पुष्कळ देशांत कायद्याची मर्यादाही तीच आहे. पावसात रोज चालणाऱ्या गाडीचे टायर मात्र मी ३ मिमी उरले की बदलतो. खाचांचं काम पाणी बाजूला ढकलणं. त्या उथळ झाल्या की वेगात टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी ऐकत नाही.

आता पर्याय. बड्या कंपनीचा मुख्य ब्रँड, त्याच कंपन्यांचा दुसऱ्या फळीतला स्वस्त ब्रँड, कधी नाव न ऐकलेला सगळ्यांत स्वस्त नवा टायर, आणि वापरलेला टायर. रिमोल्डचं, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेल्या टायरचं, आधीच सांगून टाकतो: ट्रक-बसला आणि विमानांनाही चांगल्या प्रतीचे रिमोल्ड सर्रास वापरले जातात, पण कारसाठी कोणत्या सांगाड्यावर कोणी रबर चढवलंय हे कळणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

मुख्य ब्रँड आणि दुसरी फळी यांतला फरक नीट समजून घेतला तर सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. फायरस्टोन हा ब्रिजस्टोनचा, क्लेबर आणि बीएफगुडरिच मिशेलिनचे, बारुम आणि सेम्पेरिट कॉन्टिनेंटलचे, लाउफेन हँकूकचा. मालक एकच असला तरी टायर तोच असतो असं नाही. अशा ब्रँडमध्ये बऱ्याचदा आधीच्या पिढीची नक्षी आणि कमी खर्चाचं रबर वापरलेलं असतं. त्यामुळे ओल्या रस्त्यावर मुख्य ब्रँड सहसा थोडा लवकर थांबतो आणि आवाजही कमी करतो. पण शहरात ऑफिसला जाणाऱ्या, महिन्यातून एखादी लांबची फेरी मारणाऱ्या गाडीला दुसरी फळी पुरून उरते. पावसात हायवेवर रोज लांब जाणाऱ्याने मात्र वरचे पैसे खुशाल द्यावेत, ते वाया जात नाहीत.

अगदी स्वस्त, अनोळखी टायरचा प्रश्न वेगळा आहे. कोरड्या रस्त्यावर तो ठीकच वाटतो, म्हणून घेणाऱ्याची समजूत होते की आपण फसलो नाही. त्याची खरी परीक्षा ओल्या रस्त्यावर, अचानक ब्रेक दाबल्यावर होते. रबरात सिलिका किती आणि कशी मिसळली, यावर ओली पकड आणि इंधनाचा खप दोन्ही बरंच अवलंबून असतं, आणि डोळ्यांनी ते दिसत नाही. नुसतं कडक रबर भरून टिकाऊ टायर बनवता येतो. पकड, आयुष्य आणि इंधनाची बचत ही तिन्ही एकत्र साधणं कठीण, आणि खर्च तिथेच होतो.

नावावर विसंबायचं नसेल तर लेबल वाचा. युरोपीय लेबलवर ओली पकड आणि इंधन या दोन्हींना ए ते ई अशा श्रेणी असतात; मे २०२१पासून हीच पद्धत लागू आहे. माझा नियम साधा आहे: ओल्या पकडीत बी किंवा त्याहून वर, मग इंधनाची श्रेणी, आणि आवाज सगळ्यात शेवटी. अमेरिकी पद्धतीत साइडवॉलवरच, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, तीन गोष्टी छापलेल्या असतात. ट्रेडवेअरचा म्हणजे टिकाऊपणाचा आकडा, ट्रॅक्शनची म्हणजे पकडीची एए, ए, बी, सी ही श्रेणी आणि तापमानाची श्रेणी. ट्रेडवेअर ४०० म्हणजे २००च्या दुप्पट टिकेल असं कागदावर ठरतं, पण तो आकडा कंपनी स्वतःच देते. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो उपयोगी, दोन कंपन्यांच्या तुलनेत त्यावर फार भिस्त ठेवू नका. ट्रॅक्शनची चाचणीही ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावण्याचीच असते, वळणावरची पकड त्यातून कळत नाही.

पैशांचा हिशेब किलोमीटरवर करा. समजा, स्वस्त टायरची किंमत १०० धरली आणि तो ३०,००० किमी चालला; दुसऱ्या फळीतला १३०ला मिळाला आणि ४५,००० किमी चालला. दर हजार किलोमीटरला पहिला ३.३३ला पडतो, दुसरा २.८९ला. शिवाय पहिल्याच्या बाबतीत बसवणं आणि बॅलन्सिंग लवकर दुसऱ्यांदा करावं लागतं. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या टायरवाल्याकडचे भाव घालून हाच भागाकार करून बघा.

उरला वापरलेला टायर. नामांकित ब्रँड, ५ मिमी नक्षी, निम्मी किंमत म्हटल्यावर मोह होतो. पण त्या टायरने काय सोसलंय हे बाहेरून दिसत नाही. हवा नसताना कोणी तो काही किलोमीटर पळवला असेल, तर साइडवॉलच्या आतल्या बाजूला रबराचा बारीक काळा भुगा सुटतो, कधी गोल फिरलेली सुरकुतलेली रेघ दिसते. टायर रिमवर चढवल्यावर ते बघायला मिळतच नाही. बसवण्याआधी आतून हात फिरवा, पंक्चरचे पॅच मोजा. पॅच नक्षीच्या पट्ट्यात असेल तर चालतो, खांद्याजवळ किंवा साइडवॉलवर असेल तर टायर परत द्या. तरीही माझं मत विचाराल तर त्याच पैशांत मिळणारा ताजा, साधा नवा टायर घ्या, फक्त ओल्या पकडीची श्रेणी बघून.

ताजा म्हणजे किती ताजा, हे मी स्वतः किंमत मोजून शिकलो. एकदा दोन नवे टायर घेतले, चकचकीत, लेबल चिकटवलेले. घरी येऊन तारीख शोधली तर बाहेरच्या बाजूला सापडेना. तारखेसकट पूर्ण कोड बरेचदा एकाच साइडवॉलवर असतो, आणि माझ्या टायरांवर तो गाडीखालच्या बाजूला गेला होता. टॉर्च घेऊन आडवा झालो तेव्हा चार आकडे दिसले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. माझे टायर चार वर्षं गोदामात पडून होते. रबर न चालवताही म्हातारं होतं. तेव्हापासून टायर रिमवर चढायच्या आधी तारीख वाचतो, आणि वर्षभरापेक्षा जुना असेल तर भाव कमी करून घेतो किंवा दुसरा मागतो. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा, दहा वर्षांनंतर नक्षी कितीही उरली असली तरी काढून टाकावा. स्टेपनीलाही हेच लागू.

मापाच्या बाबतीत तडजोड नको. गाडीच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तिकेत माप असतं, उदाहरणार्थ १८५/६५ आर१५ ८८एच. रुंदी १८५ मिमी, साइडवॉलची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १५ इंच, ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. भाराचा आणि वेगाचा निर्देशांक वर गेला तर चालेल, खाली नको. 'हे माप नाही, पण १९५/६५ बसतो' असं कोणी म्हणालं तर गणित करा. मूळ टायरचा व्यास ६२१.५ मिमी, त्याचा ६३४.५. दोन टक्के मोठा, म्हणजे स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी वेग दाखवायला लागेल आणि वळताना चाक कमानीला घासू शकेल. १९५/६० मात्र ६१५ मिमीचा, फरक एक टक्का, तो समजण्यासारखा आहे. तरी कंपनीने मान्य केलेल्या मापांच्या यादीत तो आहे का हे आधी बघा.

कडाक्याची थंडी आणि बर्फ असेल तिथे हिशेब बदलतो. साधारण ७ अंशांखाली उन्हाळी रबर ताठरतं. तीन शिखरं आणि हिमकण अशी खूण असलेला टायर घ्या, किंमत मग बघू.

दोनच बदलायचे असतील तर नवे मागे बसवा. पुढचे जास्त झिजतात म्हणून नवे पुढेच घालायचा आग्रह होतो, पण ओल्या वळणावर मागचं चाक सुटलं तर गाडी गिरकी घेते, आणि ती साध्या चालकाला सावरत नाही. पुढचं सुटलं तर निदान वेग कमी करता येतो. एका अ‍ॅक्सलवर वेगवेगळे टायर मात्र कधीच घालू नका.

जुने टायर काढताना तळहात नक्षीवर आडवा फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि परत येताना करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. हे दुरुस्त न करता नवा टायर चढवला तर कोणत्याही ब्रँडचा तो तसाच झिजेल. त्यामुळे अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवे वॉल्व्ह यांचे पैसे आधीच बाजूला काढा, आणि उरलेल्या पैशांत टायर निवडा. बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरने चाकाचे नट पुन्हा आवळून घ्या, हवा टायर थंड असताना मोजा. नव्या नक्षीवर साच्यातला थर थोडा राहिलेला असतो, त्यामुळे पहिले काहीशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर अंतर ठेवून चालवा.