ईआरपीनेक्स्ट आवृत्ती १५: भोसरी-चाकणच्या कारखान्याला कितपत झेपेल?

धंद्याचं सॉफ्टवेअर घेताना सगळे आधी किंमत विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते हे, की पैसे भरणं थांबवलं त्या दिवशी आपल्या हातात काय उरतं? कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात, जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. तीन वर्षांनी वर्गणी बंद केली आणि लॉगिनही बंद झालं, तर पुढे नोटीस आल्यावर सीएला दाखवणार काय?

या कसोटीवर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, खणखणीत उतरतं. परवाना जीपीएल ३ हा मुक्त परवाना, डेटा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये. तो आपल्या सर्व्हरवर असेल तर कुणाला काही न भरता उघडता येतो. ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) म्हटलं की परवाना कायमचा असं मात्र समजू नये. हॅशिकॉर्प या सॉफ्टवेअर कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये, रेडिस या डेटा झटपट पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरने मार्च २०२४ मध्ये पुढच्या आवृत्त्यांचे परवाने आवळले. ईआरपीनेक्स्ट स्वतः रेडिस वापरतं, म्हणून ही बातमी आपल्याही दाराशी येते. रेडिसला लगेच व्हाल्की हा मुक्त पर्याय उभा राहिला आणि मे २०२५ मध्ये रेडिसनेही एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय दिला. आधी प्रसिद्ध झालेली आवृत्ती कुणी काढून घेऊ शकत नाही, खरी सुरक्षा तिथे आहे.

फ्रॅपे क्लाउडवर, म्हणजे फ्रॅपेच्याच भाड्याच्या सर्व्हरवर, पैसे सर्व्हरच्या ताकदीचे लागतात, माणसांगणिक नाही. वर्कशॉपसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. माणसांगणिक वर्गणी असली की स्टोअर, क्वालिटी आणि डिस्पॅच मिळून एकच लॉगिन वापरतात. मग नोंदीत सगळं ‘स्टोअर’नेच केलेलं दिसतं आणि कोणी काय बदललं याचा माग राहत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे असा माग, सक्तीचा आहे. इथे तो एकदा सुरू केला की बंद करता येत नाही. पण सर्व्हर आपलाच असेल तर ज्याच्याकडे मारियाडीबीचा पासवर्ड, तो थेट डेटाबेसमध्येही हात घालू शकतो. लेखापरीक्षक हे विचारतात. तो पासवर्ड कोणाकडे आहे ते कागदावर असू द्या.

भोसरीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग जॉबवर्कचा, म्हणजे माल पाठवून बाहेरून काम करून घेण्याचा. समजा, ५०० पिना प्लेटिंगला पाठवायच्या आहेत. आधी ‘प्लेटिंग शुल्क’ या सेवेची खरेदी ऑर्डर करून तिच्यावर सबकॉन्ट्रॅक्टची खूण करायची. त्यातून सबकॉन्ट्रॅक्टिंग ऑर्डर, मग माल प्लेटरच्या नावाच्या गोदामात हलवायची स्टॉक एन्ट्री, आणि माल परत आला की सबकॉन्ट्रॅक्टिंग रिसीट. ४९० पास आणि १० रिजेक्ट असतील तर रिजेक्टसाठी वेगळं गोदाम द्यावं लागतं. चुकतं ते इथे: कच्चा माल बीओएमच्या (एका नगाला किती माल लागतो त्या यादीच्या) हिशेबाने वजा होतो. प्लेटरकडे प्रत्यक्षात जास्त माल खपला तर तो फरक त्याच्या गोदामात कागदावर पडून राहतो. बाइंग सेटिंग्जमध्ये ‘पाठवलेल्या मालानुसार’ हा पर्याय निवडला तर हे बरंच आवरतं. जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा, त्यामुळे प्लेटरच्या गोदामाचा स्टॉक एजिंग रिपोर्ट (माल किती दिवस पडून आहे ते सांगणारा) दर महिन्याला काढाच.

तुम्ही स्वतःच दुसऱ्यासाठी जॉबवर्क करत असाल तर गिऱ्हाइकाच्या मालावर ‘कस्टमर प्रोव्हाइडेड’ची खूण करावी. तो शून्य दराने येतो, नग मात्र मोजले जातात.

मागच्या तारखेची आवक टाकली की त्यानंतरच्या सगळ्या नोंदींचं मूल्यांकन पार्श्वभूमीत पुन्हा होतं. ही रांग अडकली तर दर चुकीचे दिसत राहतात. महिना संपला की स्टॉक सेटिंग्जमध्ये ‘स्टॉक फ्रोझन अपटू’ची तारीख पुढे सरकवा म्हणजे जुन्या नोंदी गोठतात, आणि निगेटिव्ह स्टॉकची (नसलेला माल बाहेर काढण्याची) परवानगी अजिबात देऊ नका.

बिलाचा क्रमांक जीएसटीत जास्तीत जास्त १६ अक्षरांचा. सॉफ्टवेअरची बिल क्रमांकांची मूळ मालिका, एसीसीपासून सुरू होणारी, १९ अक्षरांची भरते. इंडिया कम्प्लायन्स हे ॲप टाकलं की हे सांभाळलं जातं, शिवाय आवृत्ती १४ पासून जीएसटी त्याच ॲपमध्ये आहे. आपली मालिका बनवताना १४ अक्षरांतच थांबावं, कारण बिल रद्द करून सुधारलं की शेवटी ‘-१’ लागतो. थेट ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) पाठवायला या ॲपची एपीआय क्रेडिट, म्हणजे पोर्टलशी जोडणी वापरायचे आगाऊ पैसे, विकत घ्यावी लागतात. पाच कोटींवर उलाढाल असून ई-इनव्हॉइस लागत असेल तर हा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं तर ४ जीबी रॅमवर ते कसंबसं चालतं, ८ असावी. साध्या बॅकअपमध्ये फक्त डेटाबेस येतो, जोडलेली ड्रॉइंग आणि चलनं येत नाहीत. फाइलींसह बॅकअपचा पर्याय द्यावा लागतो. साइट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलीतली एन्क्रिप्शन की नव्या सर्व्हरवर नेली नाही, तर साठवलेले ईमेलचे पासवर्ड उघडत नाहीत. कंपनी असेल तर हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा. आवृत्ती चढवायचं काम गुरुवारच्या सुट्टीत आणि आधी साइटच्या चाचणीच्या नकलेवर.

नुसती खरेदी-विक्री असलेल्या दुकानाने यात पडू नये, त्याला टॅलीप्राइम पुरेसं आहे. त्याची टीएसएस (नव्या आवृत्त्यांची वर्गणी) संपली तरी जुनी पुस्तकं उघडतात, नव्या आवृत्त्या तेवढ्या थांबतात. ओडू या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत पूर्ण हिशेब नाही, तो हवा तर माणसांगणिक वर्गणी आली. ईआरपीनेक्स्ट घ्यावं ते बीओएम, जॉबवर्क आणि तपासणी असलेल्या कारखान्याने. त्यातही स्टोअर आणि हिशेब दोन्ही कळणारा एक माणूस तीन-चार महिने याच कामाला देता येत असेल तरच.

सुरुवात १ एप्रिलला करावी. क्रम असा: पार्टी, आयटम, स्टॉक रिकन्सिलिएशनमधून सुरुवातीचा साठा, ओपनिंग इनव्हॉइसच्या साधनातून येणी-देणी, शेवटी बँक आणि भांडवल. सगळं चढलं की ‘टेम्पररी ओपनिंग’ खातं शून्य दिसायला हवं. दिसलं नाही तर एखाद्या पार्टीची बाकी राहिली आहे किंवा दोनदा चढली आहे. ती सापडेपर्यंत नवं बिल काढू नये.