गोडाऊनवाल्यांच्या हवाली की स्वतःच्या कुलपात?

मुलुंडची आमची सोसायटी पुनर्विकासासाठी २०२३च्या मे महिन्यात रिकामी झाली. बिल्डर देणार त्या भाड्यात, मुलीच्या शाळेच्या आसपास, एका बेडरूमची जागा मिळाली. सामान दोन बेडरूमचं, त्यात आईच्या संसारातलं अजून सगळं शाबूत. निम्मं घर कुठेतरी ठेवणं भागच होतं. मुंबई-ठाणे-पुण्यात आज कितीतरी कुटुंबं याच प्रश्नापाशी आहेत. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. पहिले सहा महिने सामान पॅकर्सच्या गोडाऊनमध्ये होतं, त्यानंतर सेल्फ स्टोरेजच्या युनिटमध्ये, म्हणजे भाड्याने घेऊन आपलंच कुलूप लावायच्या छोट्या खोलीत आहे.

तिसरा पर्याय प्रत्येकाला सुचतो, गावच्या घराचा. आमचं घर कोकणात आहे. बंद घरात ठेवलेल्या लाकडाचं वाळवी काय करते हे आम्ही आजोबांच्या पेटाऱ्यावरून शिकलो आहोत, म्हणून तो विचार एका संध्याकाळीच संपला.

गोडाऊनची सेवा घेण्यात सुख आहे, हे आधी मान्य करतो. सकाळी आठला पाच माणसं आली, संध्याकाळपर्यंत खोके भरले, कपाटाला गोधड्या गुंडाळल्या, नंबर चिकटवले आणि टेम्पो भिवंडीच्या दिशेला गेला. आम्हाला एक कपाटही हलवावं लागलं नाही. घरात वयस्कर माणसं असतील, किंवा मुलं परदेशात आणि सामान आवरायला इथे कोणीच नसेल, तर या सोयीची किंमत फार मोठी आहे. महिन्याचं भाडंही कमी. आम्हाला सेल्फ स्टोरेजला साधारण दीडपट पडतं, शिवाय १८ टक्के जीएसटी दोन्हीकडे आहेच.

कागदावरही गोडाऊनची बाजू भक्कम दिसते. सामान सांभाळायला त्यांच्या ताब्यात देता तेव्हा त्याला कायद्यात निक्षेप म्हणतात, आणि भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १५१प्रमाणे एखादा समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्यांनी घ्यायची असते. सेल्फ स्टोरेजचा करार बहुधा जागा वापरण्यापुरता असतो. आत काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं, म्हणून बरीचशी जबाबदारी आपल्यावर राहते आणि विम्याचं वेगळं बघावं लागतं. मी पहिल्यांदा गोडाऊन निवडलं त्याला हे एक कारण होतं.

मग गणपती आले. त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि गौरींचं आवाहन २१ला. आमच्या गौरींचे मुखवटे पितळेचे, आईच्या सासूबाईंकडून आलेले. मे महिन्यात घाईत तेही खोक्यात गेले होते. आठ दिवस आधी मी फोन केला. चार कामकाजाचे दिवस आधी कळवा, एका फेरीचे इतके पैसे, असं ठरलेलंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पलीकडून विचारलं, खोका नंबर किती? मी यादी काढली. पेन्सिलने लिहिलेली दोन पानं. खोका ११, घरगुती सामान. खोका १२, घरगुती सामान. १४ ते २३, मिश्र सामान.

त्या यादीखाली माझीच सही होती. पण भरताना प्रत्येक खोक्यात काय गेलं ते लिहून घेण्याइतका वेळ त्या माणसांकडे नव्हता, आणि आम्ही दुसऱ्या खोलीत आईची औषधं शोधत होतो. अंदाजाने मी तीन नंबर सांगितले. तीन खोके घरी आले. एकात पडदे आणि मिक्सर, दुसऱ्यात माझी कॉलेजची पुस्तकं, तिसऱ्यात हिवाळी अंथरुणं. तिथे जाऊन स्वतः शोधतो म्हटलं, तर आत ग्राहकांना सोडत नाहीत, आणि आमचे खोके दुसऱ्यांच्या सामानामागे रचले आहेत असं कळलं. पुढची फेरी सुट्ट्यांनंतर.

गौरींचं आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मूळावर. नक्षत्र कामकाजाचे दिवस मोजत नाही. आईने दोन तांब्यांवर चंदनाने नाक-डोळे रेखले, साड्या नेसवल्या, आणि पूजा नेहमीसारखी झाली. ती एका शब्दाने काही बोलली नाही. मला मात्र ते फार लागलं. मुखवटे आमचे, भाडं आम्ही भरतोय, आणि वर्षातले जे तीन दिवस ते लागतात तेव्हाच ते आमच्या हाती नाहीत.

कलम १५१चा आधारही मला तेव्हापासून तितका भक्कम वाटत नाही. एखादा खोका हरवलाच असता, तर त्यात काय होतं हे ‘मिश्र सामान’ या दोन शब्दांवरून मी कसं सिद्ध करणार होतो?

नोव्हेंबरमध्ये सामान हलवलं. आता साठेक चौरस फुटांचं युनिट आहे, कुलूप माझं, किल्ली माझी. भाडं क्षेत्रफळावर असलं तरी आपण भरतो ती उंची, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा लहान जागा पुरते. पहिल्यांदा बघायला जाल तेव्हा विक्री करणारे मोठं युनिट सुचवतील. आधी घरातल्या एका कोपऱ्यात खोके खांद्याच्या उंचीपर्यंत रचून बघा आणि मग ठरवा. शिडीने चढायची वरची युनिटं स्वस्त असतात. हलके खोके आणि तरुण गुडघे असतील तर चालतील, आईच्या लोखंडी कपाटाला ती उपयोगाची नाहीत.

त्रास इथेही आहे. रचणं, उतरवणं, धुळीने माखणं सगळं आपलं. पहिल्या दिवशी मी आणि मेहुणा दुपारभर राबलो. पण मधोमध हातभर वाट सोडली, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवलं, खाली लाकडी पॅलेट घातली. दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवली आणि तिचा फोटो फोनमध्ये ठेवला. तेव्हापासून दिवाळीचा कंदील असो की पासपोर्टसाठी लागलेला जुना दाखला, जाऊन येऊन तासाभराचं काम असतं.

दमटपणाबद्दल दोघंही सारखंच सांगतील, की आमच्याकडे ओल येत नाही. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा जागा बघायला शक्यतो पावसाळ्यात जा आणि शटर उघडताच वास घ्या. तळमजला असेल तर रस्त्यापेक्षा जोतं किती उंच आहे ते डोळ्यांनी बघा. २६ जुलै २००५ला याच सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांचं काय गेलं ते आठवत असेल. फ्रिजचं दार किंचित उघडं ठेवा, गादी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका, पुस्तकांत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. माझ्या युनिटमध्ये दोन पावसाळ्यांत फक्त एका चामडी बॅगेवर बुरशी आली. गोडाऊनमधल्या एका पावसाळ्यात तीन अंथरुणांना वास लागला होता. एवढ्यावरून कुणाला बोल लावणार नाही. सामान कुठल्या कोपऱ्यात पडलं यावरही बरंच अवलंबून असतं.

नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत ठेवलेल्या सामानातलं काहीच लागणार नाही असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकत असाल, तर गोडाऊन घ्या आणि जास्तीचं भाडं वाचवा. फक्त भरताना घरातलं एक माणूस वही घेऊन तिथेच उभं ठेवा. पण घरात सण होत असतील, शाळेतली मुलं असतील, आईवडिलांचे जुने कागद कधीही लागत असतील, तर मला वाटतं किल्ली स्वतःकडे असावी. करार महिन्या-महिन्याचा आहे का, आणि सोडताना किती दिवसांची नोटीस लागते हे मात्र आधी विचारून घ्या, कारण बिल्डरने दिलेली तारीख पुढे सरकतेच.

२०२४ला आवाहन १० सप्टेंबरला होतं. मी ८ला, रविवारी सकाळी गेलो. मुखवट्यांची पेटी दाराशीच, डाव्या हाताला असते. आईने ती उघडली आणि आधी चिंच लावून मुखवटे घासायला घेतले.