हॅनाचा डीकेएच चेकर (एचआय 772): रीडिंग कसं घ्यायचं आणि त्यावर किती विसंबायचं

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, मीठ, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे आकडे सावकाश हलतात. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मात्र रोज उतरते; ती डीकेएच या एककात मोजतात. कोरल आणि दगडावरचं जांभळं-गुलाबी कोरलाइन शेवाळ आपला सांगाडा बांधताना कॅल्शियमबरोबर कार्बोनेट उचलतात. लिटरमागे कॅल्शियम सात मिलिग्रॅमने उतरतं, तेवढ्या वेळात अल्कलिनिटी 1 डीकेएचने खाली येते. कॅल्शियमच्या 420 मधून सात गेले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अल्कलिनिटीच्या 8 मधून 1 गेला तर टँकमध्ये दिसायला लागतं. म्हणून टेस्ट किटवर पैसे खर्च करायचे तर ते आधी अल्कलिनिटीवर करावेत, आणि त्या कामासाठी हॅना कंपनीचा हा हातात मावणारा, एका बटणाचा चेकर आजही सगळ्यात सोयीचा आहे. फक्त तो दशांशापर्यंत आकडा दाखवतो याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

खरेदीच्या आधी मॉडेल नंबर बघा. 772 खाऱ्या पाण्यासाठी आहे आणि थेट डीकेएच दाखवतो, 0 ते 20 पर्यंत. 755 सुद्धा खाऱ्या पाण्याचाच, पण तो पीपीएममध्ये (दशलक्ष भागांत किती) आकडा देतो, त्याला 17.86 ने भागलं की डीकेएच मिळतं. 775 गोड्या पाण्याचा आहे. दिसायला हे तिघे सख्खे भाऊ. दुकानदाराने 775 पुढे केला तर परत करा, कारण रंग बदलणारं रसायन मिठाच्या पाण्यात वेगळं वागतं आणि आकडा चुकतो.

आत यंत्र असं काही नाही. लाल-नारिंगी प्रकाशाचा एक एलईडी, समोर प्रकाश मोजणारा सेन्सर, मध्ये 10 मिली पाण्याची काचेची कुपी. रिएजंटमध्ये, म्हणजे चाचणीच्या रसायनात, मोजून घातलेलं आम्ल आणि रंग असतो. तुमच्या पाण्याची अल्कलिनिटी त्यातलं जेवढं आम्ल मारते, तेवढा रंग पिवळ्याकडून हिरव्याकडे आणि पुढे निळ्याकडे सरकतो. तो रंग आपण डोळ्यांनी ठरवण्याऐवजी सेन्सर ठरवतो, एवढाच फरक. पण याच फरकासाठी पैसे मोजायचे. सॅलिफर्ट कंपनीच्या, सिरिंजने थेंबथेंब रसायन घालायच्या किटमध्ये हिरवट-निळं पाणी कधी गुलाबी-केशरी झालं म्हणायचं यावर नवरा-बायकोचं एकमत होत नाही, त्यात टँकचा निळा लाइट चालू असेल तर बघायलाच नको. तिथे सिरिंजची एक बारीक रेघ म्हणजे साधारण 0.3 डीकेएच.

रीडिंग घ्यायची पद्धत सोपी आहे, पण चुकायला तीन-चार जागा आहेत. कुपी टँकच्या पाण्याने दोनदा विसळा. मागच्या चाचणीचा थेंबभर रिएजंट राहिला तरी त्यातलं आम्ल नव्या पाण्यावर आधीच काम करतं आणि आकडा कमी येतो. मग 10 मिली पाणी घ्या. कुपीवर रेघ आहे, पण ती डोळ्यांनी गाठण्यापेक्षा मेडिकलच्या दुकानात मिळणारी 10 मिलीची सिरिंज वापरा. अर्धा मिली इकडेतिकडे झालं की पाच टक्के चूक होते, म्हणजे 8 डीकेएचला 0.4. चेकर चांगला नाही म्हणून तक्रार करणारे बहुतेक जण इथेच चुकलेले असतात.

कुपी बाहेरून मऊ कापडाने पुसा, बोटांचे ठसे राहू देऊ नका. बटण दाबलं की पडद्यावर सी 1 येतं. कुपी ठेवा, झाकण लावा, पुन्हा बटण दाबा. हे झालं शून्य. आता सी 2 दिसेल. कुपी काढा, 1 मिली रिएजंट घाला, टोपण लावून हळूच पाच वेळा उलटीसुलटी करा, परत ठेवा, बटण दाबा, आकडा वाचा. यात थांबायचं काही नाही. उलट रेंगाळलात तर चेकर स्वतःहून बंद होतो आणि सी 1 पासून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून रिएजंटची सिरिंज आधीच भरून बाजूला ठेवा. भरताना टोकात हवा दिसते, ती चालते. रबराच्या दट्ट्याची खालची कड बरोबर रेघेवर आहे की नाही ते बघा. रिएजंटच्या मध्येच बुडबुडा असेल तर मात्र ओतून पुन्हा भरा.

बरोबर दोन कुप्या मिळतात. एका चाचणीत एकच वापरायची, सी 1 ला एक आणि सी 2 ला दुसरी असं नाही. दोन्ही वेळा कुपीवरची खूण एकाच दिशेला ठेवा, म्हणजे काचेवरचे ओरखडे दोन्ही मोजमापांत सारखेच येतात आणि एकमेकांना रद्द करतात.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. चिलरवर 25 अंशांना ठेवलेल्या टँकचं पाणी दमट खोलीत कुपीत घेतलं की काचेवर बाहेरून बाष्प धरतं. डोळ्याला ते जेमतेम दिसतं, पण सेन्सरला पुरतं. पाणी दहा मिनिटं खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच पुसा आणि मोजा. पडद्यावर एल लो आलं म्हणजे सेन्सरपर्यंत प्रकाश कमी पोचतोय: पाणी गढूळ आहे किंवा काच घाण आहे. एल हाय आलं तर बाहेरचा उजेड आत शिरतोय: झाकण नीट लावा, खिडकीपासून दूर बसा. नुकतं खाद्य घातलेलं असेल किंवा पाण्यात सूक्ष्म बुडबुडे असतील तर अर्धा तास थांबा.

आता आकड्याचं. कंपनीच सांगते की अचूकता ±0.3 डीकेएच, अधिक रीडिंगच्या 5 टक्के. म्हणजे पडद्यावर 8.0 दिसतंय तेव्हा खरा आकडा 7.3 ते 8.7 मध्ये कुठेही असू शकतो. हे वाचून निराश व्हायचं कारण नाही. एकच माणूस, एकच बाटली, एकच पद्धत असेल तर चेकर तीच चूक दर वेळी करतो. कोरलला तुमचा आकडा 8.0 आहे की 8.4 याचं काही पडलेलं नसतं. सोमवारी 8.4 आणि गुरुवारी 7.5 हा उतार त्यांना बाधतो, आणि तो उतार हा चेकर नेमका पकडतो. काल 8.2 आणि आज 8.0 आलं म्हणून अल्कलिनिटी वाढवायला सोडा ओतायला धावू नका, ती बहुतेक चेकरचीच थरथर असते.

उतार काढायचा तो असा. मोजण्याआधी टॉप-अप करून, म्हणजे उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी घालून, मीठ 35 पीपीटीवर (हजार भागांत 35) आहे का बघा. उन्हाळ्यात उघड्या टँकमधून पाणी उडतं, खारटपणा वाढतो आणि त्याबरोबर अल्कलिनिटीही वाढलेली दिसते. डोसिंग (रोज घालायचा सोडा वगैरे) बंद ठेवून तीन दिवस रोज एकाच वेळी रीडिंग घ्या. 8.4 वरून तीन दिवसांत 7.5 झालं तर रोजचा खप 0.3. पाण्याचं प्रमाण खरं धरा: 120 लिटरच्या काचेत दगड-वाळू गेल्यावर साधारण 100 लिटरच पाणी राहतं. 100 लिटरला 1 डीकेएच वाढवायला 3 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे इथे रोजचा डोस 0.9 ग्रॅम. साधा सोडियम बायकार्बोनेट घ्यायचा. बेकिंग पावडर नको, त्यात पीठ आणि आम्ल मिसळलेलं असतं. खोली बंद आणि एसी चालू असल्यामुळे पीएच खालीच राहत असेल, तर त्याऐवजी सोडियम कार्बोनेट वापरा. तेवढ्याच वाढीला ते 1.9 ग्रॅम पुरतं आणि पीएचही वर जातो. किराणा दुकानातला धुण्याचा सोडा यासाठी वापरू नये, त्याच्या शुद्धतेचा भरवसा नसतो.

सोडा आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून पंपाच्या जोराच्या प्रवाहात हळूहळू घाला. पांढरा ढग उठला आणि टिकला तर घाई झाली समजा; तिथे कार्बोनेट खाली बसतंय आणि कॅल्शियमही सोबत जातंय. कॅल्शियमचा डोस त्याच वेळी, त्याच जागी देऊ नका. आकडा फार खाली गेला असेल, 6.5 समजा, तर एका दिवसात 8 करू नका. दिवसाला 0.5, म्हणजे 100 लिटरमागे दीड ग्रॅम, असं तीन दिवसांत आणा. नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ असलेल्या टँकमध्ये 10-11 च्या पुढे जाणं तर अंगाशी येतं, अॅक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोकं जळायला लागतात.

नव्या मिठाची बादली उघडली की बनवलेल्या पाण्याचं रीडिंग घ्या. रेड सी कंपनीचं कोरल प्रो मीठ 12 च्या आसपास येतं, त्यांचंच निळ्या बादलीतलं 8 च्या जवळपास. टँक 8 वर असताना 12 च्या पाण्याने दहा टक्के पाणी बदललंत की टँक एकदम 8.4 ला जातो. पाणी बदलल्यावर कोरल दोन दिवस का मिटून बसतात, याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

चेकर एकदाच घ्यायचा असतो, त्यात एक एएए सेल लागतो आणि तो बराच टिकतो. खिसा रिकामा होतो तो रिएजंटमुळे. एका बाटलीत 25 चाचण्या होतात. रोज मोजलं तर महिनाही पुरत नाही. आठवड्यातून दोनदा मोजलं तर बारा आठवडे जातात आणि स्थिर टँकला तेवढं पुष्कळ आहे. सॅलिफर्टच्या एका डब्यात याच्या कित्येक पट चाचण्या निघतात, त्यामुळे ज्यांना रंग नीट ओळखता येतो आणि बजेट मोजकं आहे त्यांनी तेच वापरावं, त्यात कमीपणा काही नाही.

बाटली बदलली की आकडा सरकू शकतो. जुन्या बाटलीत दोन-तीन चाचण्या शिल्लक असतानाच नवी उघडा, एकच पाणी दोन्हींनी मोजा आणि फरक वहीत लिहून ठेवा. दोन्हींवर शंका असेल तर घरी तुलनेचं पाणी करता येतं. 2.40 ग्रॅम खाण्याचा सोडा आरओ-डीआय (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात विरघळवून 1 लिटर करा. त्यातलं 100 मिली घ्या, 35 ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड घाला आणि एकूण 1 लिटर करा. हे पाणी 8 डीकेएचचं. स्वयंपाकाचं मीठ नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली रसायनं असतात. काटा 0.01 ग्रॅमचा हवा, सोनाराकडे असतो तसा. हॅनाचा स्वतःचा तपासणी संच मिळतो, पण तो चेकरचा प्रकाश आणि सेन्सर तपासतो. रिएजंट खराब झालंय का, हे त्याने कळत नाही.

भारतात राहणाऱ्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. सर्व दगडी कोरल, तसंच काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन-पाइप कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. त्यांची विक्री आणि बाळगणं दोन्ही बेकायदा आहे, मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला तुकडासुद्धा. म्हणजे या चेकरचा पुरेपूर उपयोग दुबई, सिंगापूर, न्यू जर्सीत परवानगीने दगडी कोरल पाळणाऱ्या मंडळींना. पुण्या-मुंबईत मासे, मशरूम आणि लेदर कोरल असलेल्या टँकचा खप इतका कमी असतो की नियमित पाणी बदलण्यातून तो भरून निघतो. तिथे पंधरा दिवसांतून एकदा मोजलं तरी चालतं, आणि त्यासाठी सॅलिफर्ट पुरतो. कोरलाइनने दगड भरायला लागले की मग हॅनाचा विचार करावा.

याच मालिकेतला फॉस्फेटचा 774 चांगला आहे, फक्त त्याची पूड पुडीत चिकटून राहते. ती शेवटच्या कणापर्यंत झटकावी लागते. कॅल्शियमच्या 758 पासून मात्र लांब राहा. त्यात तपासायचं पाणी फक्त 0.1 मिली घ्यायचं असतं. शंभरावा भाग मिली जास्त आलं की दहा टक्के चूक, म्हणजे 420 चं 460. कॅल्शियमला थेंबाचं किटच बरं.

रिएजंट ऑनलाइन मागवताना 772 साठी एचआय 772-26 हाच नंबर टाका आणि विकणाऱ्याकडून बाटलीवरच्या मुदतीचा फोटो आधी मागवून घ्या. मुदत तीन महिन्यांच्या आतली असेल आणि तुम्ही आठवड्यातून एकदाच मोजणार असाल, तर ती बाटली घेऊ नका. 25 चाचण्या संपायच्या आत तारीख उलटेल.