व्हिएतनाम सहल : व्यवस्था चोख, माहिती कच्ची

नौपाड्यातील एका सहल कंपनीबरोबर आम्ही मायलेकी जानेवारीत आठ दिवस व्हिएतनामला जाऊन आलो. विमान, व्हिसा, हॉटेल यांबाबत एकही तक्रार नाही; विमानतळावर सोडणारी गाडीसुद्धा ठरल्या वेळेआधी पाच मिनिटे इमारतीखाली उभी होती. तक्रार आहे ती सहलीपूर्वीच्या बैठकीत या देशाविषयी जे सांगण्यात आले त्याबद्दल.

"तिकडे शाकाहारी माणसाची उपासमार होते," असे बजावल्यामुळे आईने थेपले आणि उपम्याची पाकिटे मिळून चार किलोंचा ऐवज बरोबर घेतला. मासे आंबवून केलेला न्वोक माम हा सॉस तेथे भाजीतही घालतात, त्यामुळे सावध राहावे लागते, हे खरे. पण बौद्ध परंपरेमुळे शाकाहार तेथे चांगला रुजलेला आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेला, एरवी मांसाहार करणारेही अनेकजण तो पाळतात. शाकाहारी खाणावळीच्या पाटीवर 'चाय' असा शब्द असतो (आई चहाच्या आशेने आत शिरली, हा भाग वेगळा). हनोईतील त्या खाणावळीत भात, टोफू आणि लसणीवर परतलेली एक हिरवी भाजी समोर आली. आईने त्यातला एक पोकळ देठ उचलून निरखला आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली नाळीची भाजी!"

"हवा आपल्यासारखीच," हे दुसरे विधान. दक्षिणेकडील हो ची मिन्ह सिटीपुरते ते बरोबर आहे. परंतु उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर पसरलेल्या या देशात जानेवारीतील हनोई चांगलेच गारठते, आणि आमच्या गटातील निम्म्या लोकांना पहिल्याच संध्याकाळी रस्त्यावरून जाकिटे विकत घ्यावी लागली.

सर्वांत खटकली ती 'मी सन' या प्राचीन हिंदू मंदिरांच्या ठिकाणाबाबतची उदासीनता. युद्धातले भुयारी मार्ग कार्यक्रमात होते, पण होई आन या शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेला हा मंदिरसमूह "पडकी देवळे" म्हणून वगळला होता. व्हिएतनाम म्हणजे चीनची सांस्कृतिक सावली, हा समज येथे गळून पडतो. मध्य व्हिएतनाममध्ये चंपा राज्य होते. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मनने येथे भद्रेश्वर नावाने शिवाचे मंदिर उभारले आणि पुढे कित्येक शतके विटांची देवळे बांधली जात राहिली. १९६९ मधील अमेरिकी बाँबफेकीत त्यांतील मोठे मंदिर कोसळले. १९९९ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, आणि येथील काही मंदिरांचे जतन आपल्याच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केले. त्याच कामात २०२० मध्ये वालुकाश्माचे अखंड शिवलिंग सापडले. गट टोपलीच्या होड्यांत फिरत असताना आम्ही दोघी पदरचे पैसे खर्चून तेथे गेलो. विटांच्या सांध्यांत चुन्याची रेघ दिसत नाही. आई बराच वेळ त्या भिंतीवरून हात फिरवत होती.

परतल्यावर हे सारे कंपनीच्या कार्यालयात सांगितले. ऐकून घेतले, लिहूनही घेतले. "बहुतेकांना होड्याच हव्या असतात," असे उत्तर मिळाले. व्यवस्थेसाठी पाचपैकी साडेचार, माहितीसाठी दोन. नोंदणी करताना मी सन कार्यक्रमात लेखी घालून घ्यावे, आणि उपम्याची पाकिटे दोनच न्यावीत. आमची सात परत आली आहेत.