भाऊ आत होता आणि 'सेटिंग'च्या नावाखाली आमचे २ लाख १५ हजार गेले

लिहू का नको करत दोन महिने घालवले. आईचं म्हणणं, कशाला आपलीच अब्रू चव्हाट्यावर मांडायची. पण परवा तारखेला कसबा बावड्याला कोर्टात गेले होते तर बाहेर चहाच्या गाडीपाशी आमचे पैसे घेतलेला तोच माणूस एका म्हातारीला चहा पाजत बसलेला, आणि त्या म्हातारीच्या मांडीवर अगदी तशीच कापडी पिशवी, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, जशी माझ्या आईच्या मांडीवर होती. मग म्हटलं आता लिहायचंच.

झालं असं की गेल्या नोव्हेंबरात, ऊसतोड चालू असताना, बांधावरनं चुलत्यांच्या घरात आणि आमच्यात भांडण झालं. एकाच्या डोक्याला टाके पडले, आणि तक्रारीत धाकट्या भावाचं नाव आलं. कलम १०९, म्हणजे पूर्वीचं ३०७, जीवे मारण्याचा प्रयत्न. कोण चूक कोण बरोबर ते कोर्ट बघेल, मी त्यात पडत नाही. मी पिंपरीला असते, रात्री ११ ला मामांचा फोन आला, पहाटे कोल्हापुरात उतरले तर आई काल सकाळपासून पाण्याच्या घोटावर.

रिमांडच्या दिवशी आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. हा आला, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत फाईल. म्हणाला, "मावशी, तुम्ही अमक्या गावच्या ना, पोरावर १०९ लागलंय, रडू नका." गुन्हा नंबर सांगितला, तपास कोणाकडं आहे ते सांगितलं, पोराचं वयसुद्धा सांगितलं. मला वाटलं देवच धावला. आता कळतंय की एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतो, काही नाजूक गुन्हे सोडले तर तो २४ तासांत टाकायचा असं सुप्रीम कोर्टाने २०१६ लाच सांगितलंय. राहिलेलं आईनं शेजारच्या बाईला रडत रडत सांगितलं होतं, ते ह्यानं मागं उभं राहून ऐकलं असणार. पण त्या वेळी डोकं ठिकाणावर कुणाचं होतं.

पहिले २५ हजार घेतले ते "आत मारहाण होऊ नये म्हणून". आईला विचारायची गरजच नव्हती, तिनं पिशवीत हात घातलाच होता. भावाला आधी ४ दिवस पीसीआर, म्हणजे पोलिस कोठडी, मग अजून २ दिवस, आणि मग एमसीआर झाला, म्हणजे न्यायालयीन कोठडी, कळंबा जेल. त्या संध्याकाळी ह्याचा फोन, "बघा ताई, पीसीआर तोडला का नाही? पोलिस १४ दिवस मागणार होते." आम्ही त्याला पेढे दिले हो, खोटं नाही सांगत. पोलिस कोठडी सगळी मिळून १५ दिवसांच्या वर देताच येत नाही, आणि तपासाला माणूस लागत नसेल तर कोर्ट एमसीआर करतंच, हे आम्हाला कोण सांगणार.

मग ४० हजार, "से" चांगला यावा म्हणून. जामीन अर्जावर सरकारी वकील आणि पोलिस आपलं म्हणणं देतात त्याला तिथं सगळे से म्हणतात. हा रोज सांगायचा आज से आला नाही, आज साहेब बंदोबस्तात, आज फाईल पुढं सरकली. सगळं रोखीत हवं असायचं. फक्त एकदा माझ्याकडं रोकड नव्हती म्हणून त्यातले १५ हजार फोनपेनं घेतले, तेही त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर. आज आमच्याकडं पुरावा म्हणून जे काही आहे ते तेवढंच. शेवटी दीड लाख, "वर द्यायला", काम नाही झालं तर सगळे परत ही बोली. आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. पाटल्या सहजी निघेनात म्हणून साबणाचं पाणी लावून काढल्या, ते मी बघत होते आणि तरी गप्प बसले.

शंका मला एकदाच आली होती. तो म्हणाला सेशनला नाही झालं तर मुंबईला हायकोर्टात माझा माणूस आहे, जायचा-यायचा खर्च वेगळा पडेल. मामांचा पोरगा बारावीत आहे, तो फसकन हसला, "हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्टपासून कोल्हापुरातच सुरू झालंय की." ह्यानं लगेच विषय बदलला. आणि आम्ही त्या पोरालाच गप्प बसवलं, मोठ्यांच्यात बोलू नको म्हणून!

तीन आठवडे झाल्यावर कळंब्याला मुलाखतीला गेले. भाऊ वाळलेला, दाढी वाढलेली. मी धीर द्यायला म्हटलं वकील चांगला दिलाय, जामिनाचं काम होत आलंय. तो माझ्याकडं बघतच राहिला. "आक्का, कुठला वकील? माझी सही घ्यायला तर कोण आलंच नाही." आत असलेल्या माणसाचं वकीलपत्र, म्हणजे वकील नेमल्याचा कागद, जेलमार्फत सही होऊन बाहेर येतं हे त्याला आतल्या पोरांनी सांगितलं होतं. माझ्या मोबाईलमध्ये मात्र त्याच्या सहीच्या वकीलपत्राचा फोटो होता, ह्यानंच व्हॉट्सअॅपवर पाठवलेला. मी तो मोठा करून बघितला. भाऊ नावातली वेलांटी नेहमी उलटी काढतो, शाळेपासनं. फोटोतली सही एकदम शुद्ध होती.

एसटीत बसून मामांच्या पोराला फोन लावला. त्यानं ई-कोर्ट्सच्या अॅपवर पोलिस ठाणं आणि गुन्हा नंबर टाकून शोधलं, मग भावाच्या नावानं शोधलं. जामीन अर्जच नव्हता. नामंजूर नाही, प्रलंबित नाही, दाखलच नव्हता. एकदा अर्ज पडला की त्याला नंबर पडतो, १६ अक्षरांचा सीएनआर, म्हणजे केसचा ओळख नंबर असतो, पुढची तारीख घरबसल्या दिसते. तीन आठवडे आम्ही ज्याचा से यायची वाट बघत होतो तो अर्ज ह्या जगात नव्हताच, आणि पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं, पोरगं तीन आठवडे फुकट आत बसलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात गेले. मला वाटायचं मोफत वकील म्हणजे रेशनकार्डवाल्यांना. तसं नाही, कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता वकील मिळतो, १५१०० वर फोन केला तरी सांगतात. ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, जामीन होईलच असं मी म्हणणार नाही, ३०७-१०९ ला कुणी म्हटलं तर तिथनं उठायचं. त्यांनीच ह्या लोकांचा धंदा समजावला. दहा घरांकडनं पैसे घ्यायचे, त्यातल्या चार-पाच जणांना आज ना उद्या जामीन असाही होतोच, त्यांचे पैसे पचले. उरलेल्यांना टोलवत राहायचं, आणि कुणी फारच आरडाओरडा केला तर थोडे परत करून नाव राखायचं. दिवस आपोआप उजाडतो, हा नुसतं कोंबडं काखेत घेऊन फिरतो आणि आरवायचे पैसे घेतो.

तक्रार का नाही केली म्हणून ओरडाल. हाच तर त्याचा आधार आहे. साहेबांना द्यायला म्हणून पैसे दिले म्हणजे आपणही लाच द्यायला निघालो होतो, आणि २०१८ पासून लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे. कुणी बळजबरी केली असेल तर ७ दिवसांत कळवायचं असतं, आमचे तर आठवडे उलटलेले. मॅडमनी सगळं खरं लिहून अर्ज द्यायला लावला, फोनपेची नोंद जोडली, चौकशी चालू आहे. साहेबांपर्यंत त्यातला रुपया तरी गेला असेल असं मला वाटत नाही, साहेबांना आमचं नावही माहीत नसेल.

पहिला अर्ज नामंजूर झाला, तपास चालू होता म्हणून. ह्या कलमाला पोलिसांना ९० दिवस असतात, चार्जशीट त्याच्या आत आलं, मग दुसरा अर्ज केला आणि जामीन झाला. मामा सातबारा घेऊन जामीनदार राहिले, दर रविवारी हजेरी, साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही.

ज्या दिवशी भाऊ घरी आला त्या रात्री आईच्या फोनवर मेसेज आला, नंबर नवीन होता. "मावशी, झालं का नाही काम? शब्द दिलेला पाळला. राहिलेले ५० कधी देताय?"

मी ब्लॉक केला. आई भाकरी थापत होती, हात थांबवून हळूच म्हणाली, "आक्के, खरंच त्यानंच केलं असलं तर गं?"