कुडाळचं सर्व्हर दुरुस्तीवालं दुकान – पाचपैकी चार स्टार

आमच्या काजू कारखान्याचं बिलिंग आणि स्टॉक दोन लिनक्स व्हर्च्युअल मशीनवर (एका पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेले वेगळे संगणक) चालतं, ज्या पीसीवर ती होती त्याचा बोर्ड खाऱ्या हवेने पार गंजला म्हणून नवीन मशीन घेतलं, त्यावर केव्हीएम, म्हणजे लिनक्सवर अशी व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय. ज्याने नवीन मशीन दिलं त्याने डिस्कच्या फायली कन्व्हर्ट करून दिल्या आणि दोन्हीपैकी एकही बूट होईना. बिलिंगवाल्यावर '/डेव्ह/एसडीए१ सापडत नाही' असं म्हणून इनिटरॅमएफएसचा (मुख्य डिस्क मिळेपर्यंत बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टम) प्रॉम्प्ट. त्याचं म्हणणं डिस्क करप्ट झाली, सगळं नव्याने टाका, वर त्याचे वेगळे पैसे. तेव्हा कोणीतरी कुडाळच्या बाजारातलं हे दुकान सांगितलं.

मालकांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "डिस्क खंय जाऊक नाय, तिचा नाव बदालला." त्याच प्रॉम्प्टवर कॅट करून /प्रोक/पार्टिशन्स, म्हणजे डिस्क आणि त्यांच्या भागांची यादी, दाखवलं, तिथे व्हीडीए आणि व्हीडीए१ दिसत होते. जुन्या मशीनमध्ये डिस्क साटा कंट्रोलरवर (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) होती म्हणून एसडीए, इथे व्हर्टिओवर (व्हर्च्युअल मशीनला डिस्क जोडायची खास पद्धत) म्हणून व्हीडीए. डिस्क तीच, डेटा तोच. रीबूट करून ग्रबच्या (लिनक्स बूट करणारा प्रोग्राम) मेनूत 'ई' दाबलं, रूटसमोर, म्हणजे मुख्य सिस्टम कुठल्या भागावर आहे तिथे, व्हीडीए१ टाकलं, कंट्रोल-एक्स, आणि मशीन वर आलं! अर्थात मध्ये दीड मिनिट अडकलं, कारण एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे लावायची त्याची यादी) स्वॅपचं, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायच्या भागाचं, नाव अजून एसडीए२ होतं आणि सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) त्याची वाट बघत बसलं.

इथवर कोणीही केलं असतं, मला आवडलं ते पुढचं. नुसतं एसडीएचं व्हीडीए करून पैसे घेतले नाहीत. ही नावं म्हणजे चतुर्थीच्या गाडीचा जनरल डबा, जो आधी चढला त्याची खिडकी, उद्या दुसरी डिस्क लावलीत तर बीचं ए होऊ शकतं, असं सांगून ब्लकआयडी कमांडने यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक भागाचे न बदलणारे ओळख क्रमांक, काढले आणि एफएसटॅबमध्ये तेच टाकले. मग /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडलं तर आत कोणीतरी ग्रब_डिसेबल_लिनक्स_यूयूआयडी ट्रू करून ठेवलेलं, म्हणजे रूटसाठी यूयूआयडी वापरूच नको, ती ओळ बंद करून अपडेट-ग्रब मारलं. नंतर माझ्यासमोर एक रिकामी डिस्क जोडून परत बूट करून दाखवलं. आणि क्लोन केलेली डिस्क बॅकअप म्हणून त्याच मशीनला जोडून ठेवू नका, दोघींचा यूयूआयडी एकच असतो, कुठली माउंट होईल भरवसा नाही, हेही सांगितलं.

स्टॉकवालं मशीन जास्त चिवट निघालं. ते सेंटओएस ७ (लिनक्सचाच एक प्रकार), तिथे यूयूआयडी आधीपासून बरोबर होता तरी रूट सापडेना आणि पार्टिशनच्या यादीत डिस्कच नाही. म्हणजे नावाचा प्रश्नच नव्हता, इनिटरॅमएफएसमध्ये व्हर्टिओचा ड्रायव्हरच नव्हता, कारण ड्रॅकट (तिथे इनिटरॅमएफएस बनवणारा प्रोग्राम) ज्या हार्डवेअरवर चालतं तेवढ्यापुरतेच ड्रायव्हर भरतं. त्यांनी डिस्क तात्पुरती साटावर लावली, मशीन चालू केलं, ड्रॅकटने व्हर्टिओ घालून इनिटरॅमएफएसची इमेज परत बनवली आणि मग डिस्क व्हर्टिओवर नेली. जाता जाता बोलणी पण खाल्ली, सेंटओएस ७ चे अपडेट जून २०२४ ला संपले, अजून कशाला ठेवलंय म्हणून 😅

बिल दोन्हीचं मिळून दीड हजार, आणि काय काय बदललं ते कागदावर लिहून दिलं. आमच्याकडे कोण देतं हो लिहून?

एक स्टार का कापला तर दुपारी दुकान बंद, चारशिवाय शटर वर जात नाही आणि तोवर फोन उचलत नाहीत, कारखाना बंद पडलेला असताना जीव टांगणीला लागतो. यूपीआय आहे पण रेंजचा भरवसा नाही, रोख घेऊन जा. आणि मशीन उचलून नेण्याआधी बूट होताना स्क्रीनवर शेवटी जे येतं त्याचा फोटो व्हॉट्सॲप करा, पहिला प्रश्न तोच विचारतात.